व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणि गिटारचा स्वर

अभियंता आणि गवई हे दोघेही ‘शुद्ध नाद’ हा शब्दप्रयोग करतात. परंतु त्यांच्या मनातील अर्थ एक नसतो. अभियंत्याच्या लेखी शुद्ध नाद म्हणजे एकाच कंपनसंख्येचा, दुसऱ्या कशाचीही भेसळ नसलेला नाद. असा नाद प्रयोगशाळेत निर्माण करता येतो आणि तो कानाला अत्यंत नीरस लागतो. गवयाला हवा असतो तो जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्याचा नाद. खर्जाची एकच तार छेडली असता तिच्यातून तार षड्ज, पंचम आणि अखेर तो प्रसिद्ध स्वयंभू गंधार उमटावा अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे एकाला भेसळ नको असते, तर दुसऱ्याच्या कलेचा सारा प्राण त्या भेसळीतच असतो.

हा मतभेद ज्या एका यंत्रात फार स्पष्टपणे दिसून येतो, ते यंत्र म्हणजे विजेच्या गिटारचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक. ज्या दोषाचा नायनाट करण्यासाठी अभियंत्यांनी पन्नास वर्षे खर्ची घातली, तोच दोष वादकांनी गुण म्हणून स्वीकारला, आणि पुढे तो दोष मोजूनमापून निर्माण करण्याचे एक शास्त्रच तयार झाले. त्या शास्त्राची ओळख करून देण्याचा येथे विचार आहे.

प्रथम उपस्वर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील संगीतग्रंथांत षड्जाची कंपनसंख्या सोयीसाठी सेकंदाला २४० धरतात. तार छेडली की ती सबंध लांबीने कंप पावते, त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही कंप पावते. त्यामुळे २४० बरोबरच ४८०, ७२०, ९६०, १२०० अशी कंपने निर्माण होतात. यांतील ४८० हा तार षड्ज, ७२० हा त्यावरील पंचम, ९६० हा आणखी वरचा षड्ज आणि १२०० हा गंधार. सातवा उपस्वर १६८० चा. तो आपल्या कोमल निषादाहूनही किंचित उतरलेला असतो आणि कोणत्याही पडद्यावर बसत नाही. कोणत्या नादात कोणते उपस्वर किती प्रमाणात आहेत, यावर त्या नादाची जात ठरते. सनई आणि बासरी एकाच षड्जावर असूनही वेगळ्या ओळखू येतात, त्या यामुळेच.

उपस्वरांची ही संपत्ती वाढविण्याची युक्ती आपल्या कारागिरांना फार पूर्वीपासून अवगत आहे. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली असून तेथील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर वारंवार टेकते आणि सुटते. तारेखाली घातलेले सूत हळूहळू सरकवून कारागीर हा स्पर्श नेमका साधतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यातील मर्म दाखवून दिले. सामान्य नियमाप्रमाणे ज्या बिंदूवर तार छेडली, तो बिंदू ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटू नये. पण तंबोऱ्यात तोही उमटतो. अर्थात ते उपस्वर केवळ छेडण्यातून आलेले नसतात, घोडी ते नव्याने घडवीत असते. श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवले की व्हॉल्व्हचे काम समजण्यास फारसा वेळ लागणार नाही, कारण व्हॉल्व्ह ही एका अर्थाने विजेची जवारीच होय.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची नळी सिद्ध केली. १९०६ साली अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसऱ्या अग्राची, म्हणजे तारेच्या जाळीची, भर घातली आणि तेथून विवर्धनाचे युग सुरू झाले. नळीच्या मध्यभागी तापविलेला कॅथोड असतो; त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती धातूची प्लेट असते. तिच्यावर दोन-तीनशे व्होल्टचा धन दाब असल्याने ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. मध्ये जाळी असते. तिच्यावर थोडा ऋण दाब ठेवतात. कालव्याच्या तोंडाशी बसविलेली झडप थोडी वरखाली केली तरी पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो, तसे जाळीवरील अल्प दाबाने प्लेटचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. ‘व्हॉल्व्ह’ हे नाव मात्र फ्लेमिंग यांच्या नळीपासूनचे, कारण ती प्रवाह एकाच दिशेने जाऊ देत असे.

गिटारच्या ध्वनिवर्धकांत सर्वाधिक वापरला जाणारा व्हॉल्व्ह युरोपात ईसीसी ८३ आणि अमेरिकेत १२ एएक्स ७ या नावाने ओळखला जातो. एकाच काचेत दोन त्रि-अग्र व्हॉल्व्ह, म्हणजे विवर्धनाच्या दोन पायऱ्या, असतात. त्याची नेहमीची जोडणी पाहू. पुरवठा ३०० व्होल्टचा, प्लेटच्या वाटेत एक लाख ओहमचा रोध, कॅथोडच्या वाटेत दीड हजार ओहमचा रोध. स्थिर अवस्थेत सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्लेटच्या रोधात १०० व्होल्ट खर्च होतात, म्हणून प्लेट २०० व्होल्टवर राहते. कॅथोडच्या रोधात दीड व्होल्ट खर्च होतो, म्हणून जाळी कॅथोडच्या मानाने दीड व्होल्ट ऋण राहते. अशी पायरी आलेला संदेश पन्नास ते साठ पटींनी मोठा करते.

आता गिटारची तार छेडू. तारेखालील चुंबकवेटोळ्यातून समजा एक दशांश व्होल्टचा संदेश आला. पहिल्या पायरीनंतर तो पाच व्होल्टचा होतो. तो तसाच दुसऱ्या पायरीच्या जाळीवर टाकला तर काय होईल? ती जाळी दीड व्होल्ट ऋण आहे. संदेश दीड व्होल्टहून अधिक वर चढला की जाळी धन होते आणि स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते. लाटेचा तो माथा चेपला जातो. उलट बाजूस संदेश दोन-अडीच व्होल्ट खाली गेला की प्लेटचा प्रवाह पूर्णपणे थांबतो आणि लाटेची ती बाजू कापल्यासारखी सपाट होते. म्हणजे पाच व्होल्टची लाट आत शिरली, पण तिला वावरण्यास जागा मिळाली ती वर दीड आणि खाली अडीच व्होल्टची. लाटेचा आकार बदलला की नवे उपस्वर जन्माला येतात. हा गणिताचा नियम आहे, त्याला अपवाद नाही.

यासाठीच दोन पायऱ्यांच्या मध्ये आवाज कमीजास्त करण्याची कळ बसवितात. तिने पाच व्होल्टचे अर्धा व्होल्ट केले तर दुसरी पायरी ते निमूटपणे पंचवीस व्होल्ट करून देते आणि नाद स्वच्छ राहतो. कळ पूर्ण उघडली तर नाद फाटतो. मधल्या कोणत्याही जागी वादकाच्या बोटांना अधिकार मिळतो. हलक्या हाताने छेडले तर स्वच्छ, जोराने छेडले तर उपस्वरांनी भरलेला स्वर. ध्वनिवर्धक तेव्हा निव्वळ आवाज मोठा करणारे यंत्र राहत नाही, वाद्याचाच एक अवयव बनतो.

कोणते उपस्वर निर्माण होतात हे लाट कशी चेपली जाते यावर अवलंबून असते. वरचा आणि खालचा अर्धा भाग अगदी सारखे चेपले गेले तर केवळ विषम उपस्वर उमटतात, तिसरा, पाचवा, सातवा असे. दोन्ही भाग असमान चेपले गेले तर सम उपस्वरही येतात, आणि त्यांत दुसरा, म्हणजे तार षड्ज, प्रमुख असतो. मूळ स्वराचाच वरच्या सप्तकातील भाऊ असल्याने तो विकृती म्हणून जाणवत नाही. स्वर भरदार झाला एवढेच वाटते. एकट्या व्हॉल्व्हची चेपण्याची रीत स्वभावतःच असमान असल्याने तो हा भरदारपणा सहज देतो.

परंतु पायऱ्या एकापुढे एक जोडल्या की हिशेब बदलतो. सरकारी कचेरीत नस्ती जसजशी वर जाते तसतसा प्रत्येक मेजावर तिला एकेक शेरा चिकटतो आणि अखेरीस मूळ अर्ज शोधावा लागतो. येथेही प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची सारी भर स्वीकारून स्वतःची भर घालते. शिवाय प्रत्येक पायरी लाट उलटी करते, कारण जाळीवरील दाब वाढला की प्लेटवरील दाब उतरतो. त्यामुळे एका पायरीने लाटेची जी बाजू चेपली, तिच्या विरुद्धची बाजू पुढची पायरी चेपते. दोन्ही बाजू सारख्या होत गेल्या की सम उपस्वर घटतात आणि विषम उपस्वर वाढतात. स्वर भरदारपणाकडून कर्कशपणाकडे झुकतो. तेव्हा पायऱ्या वाढविल्या म्हणजे गोडवा वाढला, ही समजूत बरोबर नाही. ती असमानता टिकवायची असेल तर एखाद्या पायरीच्या कॅथोडला दीड हजाराऐवजी दहा हजार ओहमचा रोध देतात. ती पायरी मग प्रवाह थांबण्याच्या सीमेपाशीच उभी राहते आणि लाटेची एक बाजू फार लवकर कापते. व्हॉल्व्हमधून केवळ सम उपस्वर येतात, असेही पुष्कळदा सांगण्यात येते. तेही खरे नाही. अखेरच्या शक्ति-पायरीत दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध जोडलेले असतील तर त्या पायरीतील सम उपस्वर परस्परांना छेदून बव्हंशी नाहीसे होतात.

इतिहासातही ह्या पायऱ्यांचाच विकास दिसतो. अमेरिकेतील लिओ फेंडर यांचा हेतू स्वच्छ आवाज देणारे यंत्र बनविण्याचा होता. त्यांच्या बासमन नावाच्या ध्वनिवर्धकाचा आराखडा समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एक यंत्र तयार झाले. मूळ यंत्राच्या पहिल्या पायरीतील व्हॉल्व्हचा विवर्धनांक ४४ च्या आसपास होता. मार्शल यांच्या यंत्रात तेथे १०० अंकाचा ईसीसी ८३ आला. बदल दिसावयास एवढासा. पण पुढील पायऱ्या लवकर भरून वाहू लागल्या आणि एका नव्या संगीताला त्याचा आवाज मिळाला. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी छोट्या यंत्रात एक जादा पायरी घालून अखेरीस आवाजाची स्वतंत्र कळ बसविली. त्यामुळे शेजाऱ्यांची झोप न मोडताही फाटलेला, लांबलेला स्वर काढता येऊ लागला.

तीन पायऱ्या प्रत्येकी पन्नास पटीच्या धरल्या तर एकूण विवर्धन सव्वा लाख पट होते. आपल्या घरच्या विजेची सेकंदाला पन्नास आवर्तने असतात. तिची गुणगुणही त्याच पटीने वाढू पाहते. म्हणून कुशल आराखडाकार प्रत्येक पायरीनंतर थोडा संदेश मुद्दाम दवडतो आणि वाटेत गाळण्या बसवितो. दोन पायऱ्यांना जोडणारा संधारक प्लेटवरचा दोनशे व्होल्टचा स्थिर दाब अडवतो आणि केवळ लाट पुढे सोडतो. तो लहान घेतला तर खर्जही कमी होतो. कॅथोडच्या रोधाला समांतर २५ मायक्रोफॅरडचा संधारक लावला तर सर्व स्वर सारखे वाढतात, त्याऐवजी ०.६८ मायक्रोफॅरडचा लावला तर सेकंदाला दोन-तीनशे कंपनांखालचे स्वर मागे राहतात. क्रम महत्त्वाचा. खर्ज आधी कमी करावा, कारण फाटलेला खर्ज चिखलासारखा पसरतो. मग लाट चेपावी. आणि त्यानंतर फार तीव्र उपस्वर सौम्य करावेत. हे काम पुष्कळसे कर्णाच शेवटी करतो, कारण गिटारसाठी वापरला जाणारा कर्णा साधारण पाच हजार कंपनांवरील नाद फारसा देत नाही.

आतापर्यंत एकाच स्वराचा विचार केला. दोन स्वर एकदम वाजले की वेगळीच घटना घडते, आणि मराठी श्रोत्याला ती विशेष जवळची वाटेल. चेपणारा व्हॉल्व्ह दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करतो. षड्ज २४० आणि पंचम ३६० एकत्र वाजविले तर वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज. मिश्रण भक्कम लागते. म्हणूनच फाटलेल्या आवाजात वादक बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी वाजवितात. आता गंधार घेऊ. शुद्ध गंधार ३०० चा. पण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसविलेले असल्याने तेथे तो जवळजवळ ३०२.४ चा होतो. षड्जाचा पाचवा उपस्वर १२००, तर ह्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५; दोघांत सेकंदाला नऊ-दहा हेलकावे पडतात. स्वच्छ आवाजात ते उपस्वर क्षीण असल्याने ही कुरकूर झाकून जाते. व्हॉल्व्हच्या दोन-तीन पायऱ्यांनी तेच उपस्वर बलवान केले की ती उघडी पडते.

हा वाद आपणास नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो स्वरांच्या नेमक्या प्रमाणांचाच. पेटीच्या समान पट्ट्यांवरील अशाच आक्षेपांमुळे नभोवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले. ते १९७१ साली काही अंशी उघडले. देवलांना जो गंधार कानाने टोचत होता, तोच गंधार व्हॉल्व्हची तिसरी पायरी कर्ण्यातून सर्वांस ऐकवते.

लाट चेपण्याचा आणखी एक परिणाम आहे. मोठा आवाज मर्यादेत राहतो आणि मंदावत जाणारा आवाज मात्र पुरेपूर वाढविला जातो; म्हणून छेडलेला स्वर लवकर विझत नाही. गिटारसारख्या वाद्याला सारंगीच्या गजाचे दीर्घायुष्य लाभते आणि मींड घेण्यास अवकाश मिळतो. आपल्या देशातील वादकांना विजेची गिटार जवळची वाटली, यामागे हे एक कारण असावे. अमृतसरला जन्मलेले आणि आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर काम केलेले भूपिंदर सिंग गायक म्हणून प्रसिद्ध असले, तरी १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील त्यांची गिटार आजही लोकांच्या कानांत आहे.

व्हॉल्व्ह आपल्या देशातही तयार होत असत. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झाली आणि १९६१ पासून तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला. घरोघरचे रेडिओ, चित्रपटगृहांतील यंत्रे, गणेशोत्सवाच्या मांडवातील ध्वनिक्षेपक हे सारे व्हॉल्व्हवरच चालत. ट्रान्झिस्टर आला आणि ते उत्पादन थांबले. आज गिटारसाठी लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांतून येतात.

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य चंदीगडजवळ मनीमाजरा येथे आहे. १९५२ साली पायाभरणी झालेल्या आखीव शहराहून हे गाव पुष्कळ जुने. येथे जुना किल्ला आहे आणि गजबजलेला बाजार आहे. थोड्याच अंतरावर मोहालीला अर्धवाहकांची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि ह्या बाजारातील एका अरुंद दुकानात एक वयस्क सरदारजी अजून व्हॉल्व्हची यंत्रे दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गुरुद्वाऱ्यांतून बाद झालेले जुने ध्वनिवर्धक येतात, आणि आजकाल तेच ध्वनिवर्धक गिटारसाठी वापरू इच्छिणारे तरुणही येतात. असे यंत्र भाषणासाठी बनविलेले असते. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून त्यात अखेरच्या पायरीतील संदेशाचा काही भाग उलटा करून आधीच्या पायरीस परत दिलेला असतो, जेणेकरून विकृती आपोआप पुसली जावी. एका तरुणाने जादा पायरी घालून मागितली, तेव्हा ह्या वृद्धाने ती घातली नाही. त्याने तो परतीचा मार्ग थोडा आखडला, एका कॅथोडवरील संधारक बदलला आणि म्हटले, “पुत्तर, पहिलां सुण.” तरुणाने वाजवून पाहिले आणि जादा पायरीचा हट्ट सोडला. काचेवर शिसपेन्सिलीने हलकेच टिचकी मारून कोणता व्हॉल्व्ह खणखणतो हे ओळखण्याची त्याची रीत पुस्तकांतही सापडते; पण बदल किती करावा आणि कोठे थांबावे, हे ज्ञान त्या कानांपाशीच आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रातील संधारकांत विजेचा पुरवठा बंद केल्यानंतरही तीनचारशे व्होल्टचा दाब बराच वेळ साठून राहू शकतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. माहितगाराशिवाय असे यंत्र उघडू नये. तसेच कर्णा जोडल्यावाचून ते कधीही चालवू नये. अखेरचा ट्रान्सफॉर्मर त्याने जळून जाण्याचा संभव असतो.

ट्रान्झिस्टर निकृष्ट आणि व्हॉल्व्ह श्रेष्ठ असा निवाडा येथे करावयाचा नाही. बातम्या, भाषणे आणि गायन जसेच्या तसे ऐकविण्यास ट्रान्झिस्टरचे यंत्र अधिक योग्य आहे. मर्यादेपर्यंत ते अत्यंत प्रामाणिक राहते, मात्र मर्यादा ओलांडताच लाट एकदम कापते आणि तीव्र विषम उपस्वर कानाला टोचतात. व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो. त्या वाकण्याच्या अवधीत वादकाला आपला स्वर घडविण्यास जागा मिळते. आता संगणकही ह्या वाकण्याची गणिते करून तसाच स्वर काढू लागला आहे, आणि ती नक्कल उत्तम साधते. तथापि नक्कल करण्यासाठी मूळ वस्तू कोणीतरी चालू स्थितीत राखावी लागते आणि ती कशी वागते हे सांगणारा जाणकारही असावा लागतो.

आपल्या गावातील तालमीच्या माळ्यावर, उत्सवमंडळाच्या कोठीत किंवा शाळेच्या अडगळीत व्हॉल्व्हचा एखादा जुना ध्वनिवर्धक पडलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. भंगारात त्याचे मोल तांब्यालोखंडाच्या वजनाइतकेच होते. तो विकून टाकण्यापूर्वी गावातील जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरास एकवार दाखवावा, आणि शक्य असल्यास जवळ एखाद्या तरुणास बसवावे. यंत्र चालू झाले तर एक नाद वाचेल. आणि झाले नाही तरी ते कसे चालत असे, हे त्या तरुणाच्या कानी पडेल.